मिठाची पुरचुंडी

बुद्धरत्न पहिल्यांदा लक्षात राहिला तो काचेमागून. निगडी प्राधिकरणात फिजिओथेरपीच्या एका दवाखान्यासमोर सकाळी एक मोठी पांढरी गाडी येऊन उभी राहायची. डिसेंबरचे दिवस होते. रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्यांच्या काचा बाहेरून दवाने ओल्या झालेल्या. ही एकटी मात्र आतून पांढरी, उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखी. त्या पांढऱ्यात आतून एक हात गोल फिरला, वाटीएवढी जागा मोकळी झाली आणि तिथून एक चेहरा दवाखान्याच्या दाराकडे पाहू लागला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, भांग नीट पाडलेला, शर्टाची कॉलर इस्त्रीची. दारातून एक म्हातारी बाहेर येताना दिसली आणि ती पहिली पायरी उतरायच्या आत हा गाडीतून उतरून तिच्याजवळ पोचला होता.

तिला गाडीत बसवायची त्याची एक रीत होती. पुढचं डावं दार उघडायचं, खाली लाकडी पाट ठेवायचा, आपला कोपर तिच्यापुढे धरायचा. ती कोपर घट्ट पकडायची. "आधी बसा आजी, पाय मागनं येतील," असं म्हणून तो खाली वाकायचा, तिची दुखरी टाच तळहातावर घ्यायचा आणि काठोकाठ भरलेलं भांडं हलवावं तसा हळूच पाय आत ठेवायचा.

"काय रं बुद्धा," म्हातारी त्या दिवशी काचेकडे बघून म्हणाली, "गाडीला बी माझ्यावानी दमा लागला व्हय?"

"दमा नाही आजी, थंडी वाजतीय तिला."

"मंग घाल की एखादी गोधडी."

दोघं हसली. गाडी गेली तेव्हा मागच्या काचेतून आतलं काहीच दिसत नव्हतं.

म्हातारीचं नाव सरूबाई. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. शेताच्या जागी आता गोदामं उभी होती आणि मुलगा दादासाहेब कंपन्यांना माणसं पुरवायचा धंदा करत होता. नातू जयदीप आणि नातसून अपेक्षा मोशीच्याच बंगल्यात त्यांच्यासोबत राहायची. बुद्धरत्न त्यांच्याकडे नऊ-दहा वर्षं गाडीवर होता. जयदीप गाडी शिकला तो त्याच्याच शेजारी बसून, म्हणून त्याला 'काका' म्हणायचा. पूर्ण नावाने त्या घरात त्याला कुणी हाक मारली नाही. दादासाहेबांसकट सगळे 'बुद्धा' म्हणत, आणि तो 'ओ' देई.

तो कासारवाडीचा. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. त्यांनी घरात दोनच तसबिरी लावल्या आणि गंडा, दोरा, अंगारा, लिंबू असलं काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बुद्धरत्नच्या घरातही तीच शिस्त पुढे चालू राहिली. मोशीला मात्र दर शनिवारी तोच गाडीला लिंबू-मिरची बांधायचा. सांगितलेलं काम होतं, ते तो नीट करायचा. मिरच्या देठासकट घ्यायचा, लिंबू डागाळलेलं असलं तर परत करायचा. घरी गेला की बायको आम्रपाली विचारायची, "आलात का दृष्ट काढून?" तो म्हणायचा, "अगं, कंपनीत हेल्मेट घालतात ना, तसंच आहे ते." तिला ते पटायचं नाही, पण हसू यायचं.

गाडीच्या चाव्या दोन. एक दादासाहेबांच्या खिशात, दुसरी बुद्धरत्नकडे. जयदीपकडेही चावी नव्हती. संध्याकाळी बुद्धरत्न मोटरसायकलवरून घरी जायचा तेव्हा त्याची चावी शर्टाच्या आतल्या खिशात असायची. त्या चावीचं त्याला फार वाटायचं, पण त्याहून जास्त वाटायचं ते त्या कोपराचं. सरूबाई दुसऱ्या कुणाचा आधार घेत नसत. मुलगा पुढे आला तरी म्हणत, "तू व्हय बाजूला. तुला जमत न्हाई."

काचा अशा का होऊ लागल्या हे त्या वेळी कुणालाच कळत नव्हतं. त्या वर्षी दसऱ्याला नेहमीसारखी गाडीची पूजा झाली होती. झेंडूची जाड माळ बॉनेटवरून समोरच्या काचेपर्यंत लोंबत होती. दुसऱ्या दिवशी बुद्धरत्न ती काढायला गेला, तर सरूबाई ओट्यावरून ओरडल्या, "हात लावू नगं! पूजंची माळ वढून काढायची न्हाई. आपसूक गळंल." दादासाहेबांनी मान हलवली. माळ तशीच राहिली, वाळली, चुरगळली, आणि तो तिच्या भोवतीने गाडी धूत राहिला. परतीचा पाऊसही त्या वर्षी दिवाळीपर्यंत रेंगाळला.

मग थंडी पडली आणि एका सकाळी जयदीप त्याच्या आधी गाडीपाशी येऊन उभा होता.

"काका, रात्री इथंच होता का?"

"नाही बुवा. का?"

"काचा बघा की."

"थंडी पडलीय."

"थंडी बाहेर असते काका," जयदीप हसत म्हणाला. "आत कोण असतं?"

बुद्धरत्नही हसला. पण चार दिवसांनी जयदीपने तेच पुन्हा विचारलं आणि तेव्हा तो हसत नव्हता. बंद गाडीत माणूस झोपला की काचा आतून अशाच होतात, हे त्याला मित्रांबरोबरच्या लोणावळ्याच्या सहलींवरून ठाऊक होतं. शिवाय गाडीत कोंदट वास येऊ लागला होता. अपेक्षाच्या मते तो माणसाचा वास होता. कसल्या माणसाचा, ते ती बोलली नाही. जयदीपने फाटकावरच्या कॅमेऱ्यात बघितलं, त्यात कुणी दिसलं नाही. यावरून त्याने एवढंच ठरवलं, की काका मागच्या बाजूने येतात.

आठवड्याभरात पुढच्या दोन्ही सीटची कव्हरं बदलली. डॅशबोर्डवर अत्तराची बाटली आली. मग एक दिवस अपेक्षाने अगदी गोड आवाजात सांगितलं, "दवाखान्यापाशी थांबाल ना, तेव्हा बाहेर उभे राहत जा हं. आत बसू नका. तसं काही नाही, पण सीट खराब होतात."

"तसं काही नाही" हे शब्द बुद्धरत्नने आयुष्यात पुष्कळ वेळा ऐकले होते. ते कशाच्या आधी येतात आणि कशाच्या नंतर, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो "बरं ताई" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो दवाखान्यासमोर स्वेटर घालून गाडीच्या बाहेर उभा राहू लागला. काचा तरीही आतून पांढऱ्या व्हायच्या. आत तर कुणीच नसायचं. हे जयदीपला येऊन बघायला सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण सांगायचं म्हणजे आधी आपल्यावर संशय आहे हे मान्य करायचं. तेवढं त्याच्याच्याने झालं नाही. त्यापेक्षा काचाच साफ राहिल्या तर बोलायला काही उरणार नाही, असं त्याला वाटलं.

दवाखान्याशेजारी चहाची टपरी होती. तिथे गाडीवाले जमत. त्यांच्यातला सनी कॅब चालवायचा आणि त्याला प्रत्येक दुखण्यावर औषध माहीत असायचं.

"भावा, आतून शेव्हिंग क्रीम चोळ. मग कोरड्या फडक्यानं पूस. काच कशी आरशासारखी होते बघ."

"आणि नाही झाली तर?"

"तर दाढी तरी होईल," सनी म्हणाला, आणि सगळी टपरी हसली.

त्याने क्रीम लावलं. एक दिवस काच खरंच स्वच्छ राहिली. संध्याकाळी अपेक्षा गाडीत बसली, नाक वर करून तिने वास घेतला आणि जयदीपला म्हणाली, "आता गाडीत दाढीपण होते वाटतं." बुद्धरत्न पुढेच बसलेला होता. आरशात तिची नजर त्याच्या नजरेला भिडली आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

दुसऱ्या सकाळी सनीने दुसरं औषध सांगितलं. "जाड मीठ घे. मोज्यात भर, गाठ मार, सीटखाली टाकून दे. मीठ ओल पितं, भावा. माझ्या गाडीत सगळा पावसाळा होतं."

ओल डाव्या बाजूला जास्त वाटत होती, म्हणजे सरूबाई बसत तिथे. पण आपला पायातला मोजा, धुतलेला असला तरी, म्हाताऱ्या माणसाच्या सीटखाली ठेवायचा, हे बुद्धरत्नला पटेना. हे त्याने घरी सांगितलं तेव्हा आम्रपाली म्हणाली, "मोजा कशाला? माझ्याकडे नवं कापड आहे." परकराचा तुकडा शिल्लक होता, काळा. तिने त्यात मूठ-दोन मूठ जाडं मीठ घातलं, चार टोकं एकत्र घेतली आणि शिवणाच्या डब्यातल्या लाल दोऱ्याने गच्च बांधली. "आता सांडणार नाही," ती म्हणाली. दोघांनाही त्यात दुसरं काही दिसलं नाही. त्या घरात काळं कापड म्हणजे काळं कापड होतं, आणि मीठ म्हणजे मीठ.

पुरचुंडी सीटखाली आठेक दिवस राहिली. काचेवर थोडा फरक पडला असं त्याला वाटलं. कदाचित वाटावं म्हणूनच वाटलं असेल.

मग अपेक्षाचा फोन सीटखाली घसरला. ती हात घालून चाचपायला लागली आणि तिच्या हाताला काहीतरी थंड, ओलं, लिबलिबीत लागलं. मीठ पाणी पिऊन फुगलं होतं, कापडातून खारट पाणी गळत होतं, लाल दोरा कापडात रुतला होता. तिने ते बाहेर ओढलं आणि किंकाळी फोडली.

बुद्धरत्न शेडमध्ये पाइप गुंडाळत होता. तो धावत आला. ओट्यावर सगळं घर गोळा झालं होतं. पुरचुंडी फरशीवर पडलेली आणि सगळे तिच्यापासून चार हात लांब.

"हे काय आहे?" जयदीपने विचारलं.

"मीठ आहे."

"ते दिसतंय. कशाला आहे?"

"काचांसाठी. ओल धरते ना गाडी... मीठ ओढून घेतं. सगळे ड्रायव्हर ठेवतात."

"काळ्या कापडात? लाल दोऱ्यानं बांधून?" अपेक्षाने विचारलं. "आणि नेमकं आजींच्या सीटखाली?"

तेव्हा कुठे बुद्धरत्नने त्या पुरचुंडीकडे त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं. "अहो ताई, करणी म्हणताय का तुम्ही? आम्ही... आमच्यात तर असलं कुणी मानतच नाही."

"मानत नसंल तर करायला काय जातंय," दादासाहेब हळू म्हणाले. ते एरवी फार बोलत नसत. त्यांनी आईकडे पाहिलं.

गेल्या महिन्यात सरूबाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. रात्री झोप नव्हती. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे पुरचुंडीवरून हलत नव्हते.

"आजी," बुद्धरत्न म्हणाला, "तुम्हाला तरी वाटतं का असं?" आणि सवयीने त्याने कोपर पुढे केला, कारण त्या डळमळत होत्या.

सरूबाईंनी हात मागे घेतला. पदराखाली घेतला. "तू लांब व्हय," त्या म्हणाल्या. "खरं सांग बुद्धा. कुनी सांगितलं तुला? कुनी पाठिवलं?"

सनीचं नाव सांगावं का, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण सनीचं नाव घेतलं असतं तर तेही त्यांना कुणीतरी पाठवल्यासारखंच वाटलं असतं. तो नुसता उभा राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्याचा सगळ्यांनी आपापला अर्थ लावला.

"चावी ठेव," दादासाहेब म्हणाले.

त्याने आतल्या खिशातून चावी काढली. ती द्यायला पुढे झाला तर दादासाहेबांनी हात पुढे केला नाही. कठड्याकडे बोट दाखवलं. त्याने ती कठड्यावर ठेवली. फाटकातून बाहेर पडताना त्याला ऐकू आलं, अपेक्षा कुणालातरी गोमूत्र आणायला सांगत होती.

घरी येऊन त्याने सांगितलं तेव्हा आम्रपाली प्रथम रडली. दोरा तिने बांधला होता. मग ती चिडली. "इतकी वर्षं त्यांच्या गाडीला लिंबू बांधलंत, मिरच्या बांधल्यात. ती करणी नव्हती का? ते तुमच्या हातचं चाललं. आपलं मीठ तेवढं चाललं नाही."

तिने वरण वाढलं, तो जेवला, आणि बराच वेळ ताटापुढे बसून राहिला. नोकरी दुसरी मिळेल हे त्याला कळत होतं. या पट्ट्यात गाडी चालवणारा माणूस रिकामा राहत नाही. त्याला एवढंच हवं होतं, की सरूबाईंनी एकदा म्हणावं, बुद्धा तसा नाही. बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

जानेवारी सरता सरता तो कामाची चौकशी करायला प्राधिकरणातल्या टपरीवर गेला. समोर ती पांढरी गाडी उभी होती. काचा स्वच्छ. चहा पीत उभा असलेला तिचा नवा ड्रायव्हर, अजिंक्य नावाचा तरुण, त्याला ओळखत नव्हता. सनीने मुद्दाम विषय काढला.

"काय रे, तुझ्या गाडीच्या काचा लय धुरकट व्हायच्या ना?"

"अरे, माझी पण नोकरी जाणार होती," अजिंक्य म्हणाला. "मालकाचा पोरगा मला विचारतो, रात्री गाडीत झोपतोस का? मी म्हटलं, गाडी आधी गॅरेजला दाखवा. तिथं खालचं कार्पेट उचललं, तर आत पाणी! फोम पिळला तर बादली भरली. वायपरखाली जाळी असते ना, पाणी जायची, ती झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च. वाळून लगदा झालेला. वरनं जेवढी गाडी धुवावी तेवढं पाणी आत."

बुद्धरत्नने चहाचा ग्लास खाली ठेवला. रोज सकाळी तो पाइप लावायचा तो समोरच्या काचेपासूनच. "मग?" त्याने विचारलं. "काय म्हणाले घरचे?"

"काय म्हणणार? पोरगा म्हणाला, बघा, गाडीतच प्रॉब्लेम होता. गाडी बदलायचं चाललंय त्यांचं."

"दुसरं काही नाही म्हणाले?"

"दुसरं काय म्हणायचंय?" अजिंक्यला प्रश्न कळला नाही.

इतक्यात सरूबाई दवाखान्याच्या दारात आल्या. अजिंक्य पळत गेला, त्याने दंडाला धरून त्यांना मागच्या सीटवर चढवलं, जरा घाईनेच. त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, ते टपरीपर्यंत ऐकू आलं. पाट गाडीत नव्हता. गाडी वळली तेव्हा काचेतून त्यांचा चेहरा नीट दिसला. त्यांनी बुद्धरत्नला पाहिलं. लगेच मान फिरवली नाही. थोडा वेळ पाहिलं, आणि मग फिरवली.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी दादासाहेबांचा फोन आला. नवा पोरगा गाडी नीट चालवत नाही, आईला बसवायला कुणाला जमत नाही, तिने दवाखान्यात जाणंच सोडलं आहे, असं ते इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "गाडीचं कळलं आमाला. पानी हुतं. जयदीपचं डोकं जरा गरम हाय, तुला म्हाईत हाय. झालं गेलं सोड. ये परत."

आम्रपाली समोर बसून 'नाही' म्हणून मान हलवत होती. तिच्याकडे न बघता बुद्धरत्न म्हणाला, "येतो दादा."

"फकस्त एक कर. आईच्या मनात बसलंय. तिच्या म्होरं बस आन् म्हन, मीठ ठेवलं ते चुकलं. तेवढ्यानं तिचं समाधान हुईल."

"पण दादा, मीठ पाण्यासाठीच ठेवलं होतं. पाणी निघालं ना?"

"निघालं की. न्हाई कोन म्हनतंय?" दादासाहेब म्हणाले. "पर जयदीप म्हनतो, पानी हाय ते आमाला कुनालाच म्हाईत नव्हतं. तुलाच कसं आधी म्हाईत?"

खरं बोललेलंही आपल्याच अंगावर येईल, असं बुद्धरत्नला कधी वाटलं नव्हतं. तिकडे दादासाहेबांच्या मागे कुणीतरी बोलत होतं. आवाज ओळखीचा होता, थकलेला होता.

"इचार त्याला," सरूबाई म्हणत होत्या, "काळंच कापड का? इचार."

"ऐकलंस न्हवं?" दादासाहेब म्हणाले.

"ऐकलं," बुद्धरत्न म्हणाला. "घरात तेच होतं, दादा." आणि त्याने फोन बंद केला.

सध्या तो एका कंपनीची बस चालवतो, तळेगाव दाभाडे ते चाकण. पहिल्या शिफ्टची माणसं असतात. कासारवाडीहून तो पहाटेच्या लोकलने तळेगावला जातो, आणि रविवारी सुट्टी असते.